'मला काही झालेलं नाही'

जेवण आटोपतं, मंडळी उठतात आणि गाडीपाशी कुणीतरी म्हणतं, "किल्ली दे, मी चालवतो." उत्तर येतं, "मला काही झालेलं नाही रे. दोनच तर घेतलेत." तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं, आणि धोका आहे तो या वाटण्यातच.

मद्य मेंदूत पोचलं, की पाय लटपटण्याच्या, जीभ जड होण्याच्या आधीच सारासार विचार मंदावतो. आपल्याला किती चढली, हे जिनं ठरवायचं ती बुद्धीच आधी बधिर होते. काटाच बिघडला, तर वजन कशावर करणार?

तितकाच फसवा शब्द म्हणजे 'उतरली'. ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की रक्तातलं मद्य चढत असताना नशा जास्त दिसते. उतरताना प्रमाण तेच असलं तरी कमी दिसते. माणसांवरच्या पुढच्या अभ्यासांत आढळलं, की डोकं हलकं वाटू लागतं, पण हातून होणाऱ्या चुका त्या मानानं कमी होत नाहीत.

आता हिशेब करू. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. रात्री नऊपासून असे पाच पेग घेणाऱ्याचं रक्त सकाळी सहालाही स्वच्छ झालेलं नसतं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी तरतरी येईल. यकृताचा वेग वाढत नाही.

म्हणूनच कायदा 'कसं वाटतंय' असं विचारत नाही, मोजतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तेव्हा माझी कळकळीची विनंती आहे. घरी कसं जायचं, हे पहिल्या घोटाआधी ठरवा. न पिणाऱ्याच्या हाती किल्ली तेव्हाच द्या. आणि मित्र प्यायला असेल, तर "नीट चालवशील ना?" असं विचारू नका. तो 'हो'च म्हणणार. त्याच्याकडून किल्ली घ्या.