गाणाऱ्या बाईने कार्यक्रम मागावा कसा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आठ दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाईंनी मला विचारले, "वर्धापनदिनाला बोलाल का?" मी म्हटले, "बोलण्यापेक्षा गाते की!" त्यावर त्या म्हणाल्या, "गा, पण आधी बोला. आपल्या डोंबिवलीत गाणे शिकून तयार झालेल्या मुली पुष्कळ आहेत. त्यांना गावे कसे हे सांगणारे गुरुजी आहेत, पण कार्यक्रम मिळवावा कसा हे कोणी सांगत नाही." तेव्हा आज मी सूर-तालाचे काही सांगणार नाही. गाणे तयार झाल्यावर ते घेऊन दारोदार कसे जावे, एवढेच सांगणार आहे.

'दारोदार' म्हटल्याबरोबर दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिले, ते मला दिसले. मलाही एके काळी तसेच वाटत असे. आमच्या माहेरची शिकवण अशी की, अंगी गुण असला म्हणजे माणसे आपण होऊन शोधीत येतात. त्या भरवशावर लग्नानंतर वीस वर्षे मी शिकवण्या केल्या, हळदीकुंकवाला गायले, कुणाच्या मुंजीत मंगलाष्टके म्हटली आणि वाट पाहिली. कोणी आले नाही. येणार तरी कसे? मी गाते हे आमच्या बिल्डिंगीबाहेर ठाऊक कुणाला होते?

त्रेचाळिसाव्या वर्षी मी धीर केला आणि एका संगीत मंडळाच्या चिटणिसांना पत्र लिहिले. चांगले चार पानी लिहिले! गुरूंचे नाव, गुरूंच्या गुरूंचे नाव, शाळेत मिळालेली बक्षिसे, 'आपण रसिक आहात, माझ्यासारखीला संधी द्यावी' अशी विनवणी, सगळे त्यात होते. पंधरा दिवस उत्तर नाही, म्हणून स्वतःच जाऊन उभी राहिले. गृहस्थ सज्जन होते. पत्र शोधून काढून म्हणाले, "बाई, तुमची सगळी हकीगत यात आहे. पण तुम्ही काय गाणार, किती वेळ गाणार, बरोबर किती माणसे आणणार आणि आम्हाला खर्च किती येणार, यातले काहीच नाही. मी हे कमिटीपुढे ठेवू काय?"

त्या दिवशी फार वाईट वाटले. पण गाडीत बसल्यावर विचार केला की, हा माणूस मला नाही म्हणालाच नाही. त्याच्यापुढे पंचवीस कागद असतात, खुर्च्या भरतील की नाही याची धास्ती असते आणि वर्गणीदार उद्या त्यालाच जाब विचारणार असतात. त्याला माझी दया यायला नको आहे. त्याला हवा आहे एक कार्यक्रम, ठरल्या वेळी सुरू होणारा, ठरल्या वेळी संपणारा.

तेव्हापासून माझे पत्र एका पानाचे झाले. आता ते पत्रही क्वचितच जाते. व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने पाठवते, पण मजकूर तोच. मी अमुक, अभंग आणि नाट्यगीतांचा पावणेदोन तासांचा कार्यक्रम करते, साथीला तबला, पेटी आणि टाळ, मिळून आम्ही चौघे, अलीकडे या दोन ठिकाणी गायले, येत्या आषाढी एकादशीच्या आठवड्यात आपल्याकडे कार्यक्रम करण्याची इच्छा आहे, मानधन इतके, सोबत चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण, मंगळवारी फोन करीन. आणि मंगळवारी खरोखरच फोन करावा. गुरूंचे नाव जरूर घालावे, एका ओळीत. आकाशवाणीची श्रेणी मिळाली असेल तर तीही घालावी. कमिटीतल्या एखाद्याला गाण्यातले कळत नसले तरी श्रेणी कळते.

ध्वनिमुद्रणाची एक गंमत सांगते. सुरुवातीला मी पाठवले ते चाळीस मिनिटांचे होते. त्यात पहिली पाच मिनिटे तबला लावण्याची ठोकठोक आणि मागून कोणीतरी "चहा सांगितला का?" असे विचारते आहे! चिटणीस तो तुकडा ऐकतो कुठे? लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून. अर्ध्या मिनिटात आवाज कानावर पडला नाही तर तो पुढे जातो. म्हणून गाणे जिथे रंगले आहे तिथूनच तुकडा घ्यावा. स्टुडिओत घासूनपुसून केलेलेच हवे असे नाही. उलट पन्नास माणसांसमोर, डोक्यावर पंखा घरघरत असताना तुम्ही कशा गाता, हे त्याला पाहायचे असते. माझे सर्वांत उपयोगी पडलेले ध्वनिमुद्रण मुलाने मोबाईलवर केलेले आहे. ते यूट्यूबवर ठेवले आहे, म्हणजे नुसता दुवा पाठवला की झाले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जिथे गायचे तिथे आधी श्रोता म्हणून जाऊन बसावे. एका सभागृहात मी लागोपाठ तीन कार्यक्रम ऐकले. तिन्ही वेळी पावणेनऊ वाजले की मागच्या रांगा उठू लागत. गाणे वाईट नव्हते. घरी जेवणे खोळंबलेली आणि वयस्कर मंडळींना जिन्याची भीती. मी लिहिले, "सहा ते पावणेआठ, मध्यंतराशिवाय." कार्यक्रम मिळाला. चिटणीस नंतर म्हणाले, "आमचे श्रोते कोण आहेत हे पाहून लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्याच." तसे पाहिले तर यात अवघड काय होते? स्वैपाक करण्याआधी जेवणारे कोण आहेत ते आपण विचारतोच ना!

जागाही नाना प्रकारच्या असतात. संगीत मंडळे आहेत, तशी वाचनालये आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत, देवस्थाने आहेत. इंदूर, बंगळूर अशा ठिकाणी आपले महाराष्ट्रीय लोक गणपतीला आवडीने गाणे ठेवतात. प्रत्येकाचे पंचांग निराळे. माझा अनुभव असा की, गणपतीचे कार्यक्रम आषाढातच ठरून जातात; श्रावणात विचारले तर "यंदाचे झाले हो" हेच ऐकावे लागते. दिवाळी पहाट हवी असेल तर गणपती विसर्जन होण्याआधी बोलून ठेवावे. आणि पहाटेवरून आठवले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. खास दिवसांना सरकार सवलत देते ती मध्यरात्रीपर्यंतचीच. म्हणजे मैदानातली 'पहाट' उजाडल्यावरच सुरू होते. बंद सभागृह आहे की मांडव, हे आधी विचारल्याशिवाय राग निवडू नये. तसेच भावगीते आणि चित्रपटगीते जाहीरपणे गायची तर कवी-संगीतकारांच्या हक्कांचा परवाना कोणी काढायचा, हेही लेखी विचारून घ्यावे. बहुधा तो यजमान संस्थेने काढायचा असतो, पण विचारलेले बरे.

आता पैशांविषयी. इथेच आपल्या बायकांची जीभ अडखळते.

एकदा एका संस्थेत मी गायले. संस्थेचे नाव सांगत नाही. फोनवर मानधनाचे बोलणे झाले होते, पण "लिहून द्या" म्हणायला मला लाज वाटली. कार्यक्रम रंगला. शेवटी शाल दिली, नारळ दिला, माझ्या गाण्यावर दहा मिनिटे भाषणही केले आणि मंडळी आवराआवरीला लागली. पाकीट नाहीच. मी खजिनदारांकडे पाहते आहे, ते सतरंजीकडे पाहताहेत! बाहेर आल्यावर माझे तबलजी हळूच म्हणाले, "ताई, मला आज घरभाडे द्यायचे होते." शाल माझ्या खांद्यावर होती, तो नारळ त्यांच्या हातात देऊ का? भिशीचे पैसे घरात होते, ते दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. घरात कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर "तुला गरज काय या उद्योगाची?" हे ऐकावे लागले असते आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून हिशेब आधी मांडावा. समजा तबल्याला २५००, पेटीला २५००, टाळाला १५०० आणि गाडीला १२०० रुपये. झाले ७७००. तुम्ही १०,००० मागितलेत तर तुमच्या हाती २३०० राहतात, आणि त्यात तीन तालमींचा चहासुद्धा आला. हा हिशेब माहीत असला म्हणजे "थोडे कमी करा" म्हटल्यावर काय कमी करायचे ते कळते. पैसे कमी असतील तर मी टाळ सोडते किंवा वेळ कमी करते. साथीदारांच्या पैशांना हात लावीत नाही. एखाद्या ठिकाणी फुकट गाईन, पण ते मी ठरवून. सगळे ठरले की दोन ओळींत लिहून पाठवते: तारीख, वेळ, रक्कम, कधी मिळणार. यात कोणी रागावल्याचे मला तरी आठवत नाही.

बाईने आपल्या गाण्याला किंमत सांगावी हे काही कालपरवाचे खूळ नव्हे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी दरबारातले गाणे तिकिटे लावून सर्वांसाठी खुले केले, हे आपण ऐकलेले असते. पण हिराबाई बडोदेकरांनी तिकिटे लावून जाहीर मैफली केल्या, त्या वेळी बाईने असे सभागृहात बसून गावे हेच लोकांना नवीन होते. श्रोत्यांनी पैसे देऊन, शांत बसून ऐकावे, असे गाणे त्या गायल्या. फुकट गायल्या असत्या तर लोकांनी त्यांना जास्त मान दिला असता, असे मला वाटत नाही.

नकारांचेही सांगते. मी एक वही ठेवली आहे. पहिल्या वर्षी ३१ ठिकाणी लिहिले. २२ ठिकाणांहून उत्तरच नाही, सहांचा नकार, तिघांचा होकार; आणि त्या तिघांतले एक ती शाल देणारे! पण वहीत प्रत्येकापुढे कारण लिहिलेले आहे. 'यंदाचे ठरले' म्हणणाऱ्या दोघांना पुढच्या वर्षी दोन महिने आधी लिहिले, त्यांतल्या एकाने बोलावले. 'आम्ही फक्त वादन ठेवतो' म्हणणाऱ्याला पुन्हा लिहिले नाही. एक पत्र, एक फोन, आठवड्याने आणखी एक फोन; त्यापुढे जाऊ नये. माणूस कंटाळतो.

आता एक गोष्ट बोलते, ती कडू लागली तर क्षमा करा. आपल्या मंडळात मी बारा वर्षे सभासद आहे. कोजागिरीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण कोणाला तरी गायला बोलावतो. मांडववाल्याला पैसे देतो, दुधवाल्याला देतो, ध्वनिक्षेपकवाल्याला तर आगाऊ देतो. गाणाऱ्या मुलीला खण-नारळ! "आपलीच तर आहे" म्हणतो. ती आपली आहे म्हणूनच ती मागत नाही, हे आपल्या ध्यानात येत नाही. मीही तिला टाळ्याच वाजवल्या आहेत. मी काही वेगळी नव्हते.

या वर्षी कार्यकारिणीच्या बैठकीत मी हे मांडले. थोडी वादावादी झाली, वर्गणीचे रडगाणे झाले, आणि शेवटी अंदाजपत्रकात 'कलावंत मानधन' अशी एक ओळ आली. रक्कम मोठी नाही. पण संक्रांतीला जी मुलगी गाईल, तिने आधी एक पानाचे पत्र द्यायचे आहे, रक्कम लिहून. माझ्या पत्राच्या प्रती चिटणीसबाईंच्या टेबलावर आहेत. मुलींनी घेऊन जाव्यात आणि माझे नाव खोडून आपले घालावे.

पेटी केव्हाची लावून झाली आहे आणि तबलजींना नऊ-बाराची गाडी धरायची आहे. त्यांचे पाकीट खजिनदारबाईंनी दुपारीच दिले, हे मी पाहिले आहे. तेव्हा आता दोन अभंग म्हणते.