आम्ही ऐकलेल्या कॅसेटी

आम्ही पैठण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. हप्त्याचा हिशेब झाला की आमच्यात गाण्याचा विषय निघतो आणि मग भांडणं लागतात. कुणाची कॅसेट चांगली अन् कुणाची नाही, हे आजवर कुणी आम्हाला विचारलं नव्हतं. म्हणून आज आम्ही आपणहून सांगणार आहोत.

आम्ही नांदायला आलो तेव्हा टेप घरात होता, पण त्याचं बटण पुरुषांच्या हातात होतं. नाथषष्ठीच्या यात्रेतून नाहीतर शहरातून, शहागंजातून कॅसेट यायची. एका बाजूला अर्धा तास, दुसऱ्या बाजूला अर्धा तास. फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवायचं काम मात्र आमचं! आम्ही चुलीपुढे बसून जे कानावर पडेल ते ऐकायचो. पण कान आमचे होते, मत आमचं होतं.

पहिलं मत लताबाईंच्या ‘अभंग तुकयाचे’बद्दल. चाली श्रीनिवास खळ्यांच्या. ही कॅसेट लागली की भाकरी थापता थापता हात थांबायचा. पण आमच्या भजनी मंडळात त्या चाली बसत नाहीत. आवाज वर चढवता चढवता दम लागतो. म्हणून आमचा निकाल असा, की ही कॅसेट ऐकायची, मागं म्हणायची नाही. गटातल्या दोघींना हे पटत नाही. त्या म्हणतात, जमेल तसं म्हणावं, तुकोबा काही परीक्षा घेत नाहीत.

आमच्यात पहिला नंबर प्रल्हाद शिंद्यांचा. खणखणीत आवाज, शब्द न् शब्द कळतो, आणि पहिल्या कडव्यानंतर आपण आपोआप मागं म्हणायला लागतो. दुसरीही एक गोष्ट आहे. विठ्ठलाची गाणी त्यांचीच आणि भीमगीतंही त्यांचीच. आमच्या गावात देवळापुढे त्यांचा आवाज लागायचा आणि बौद्धवाड्यातही त्यांचाच. आवाज एक, पण पाण्याचे हंडे वेगळे. तेव्हा हे आम्हाला खटकलं नाही, याची आज लाज वाटते. आता आमच्या गटात दोन्हीकडच्या बाया एका सतरंजीवर बसतात. ती गाणी आपली दोघींची होती, हे आम्हाला तिथं बसल्यावर उमगलं.

त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे. त्यांचं पोपटाचं गाणं ऐकलं नाही असं लग्न आम्हाला आठवत नाही. वरातीत पुरुष नाचायचे, आम्ही डोक्यावरचा पदर सावरत कडेला उभ्या. गेल्या उन्हाळ्यात गटातल्या एकीच्या लेकीच्या हळदीला आम्ही नाचलो, सासवांसकट! निकाल असा, की पायाला हे गाणं एक नंबर. पण दिवसभर लावलं तर डोकं उठतं.

आता कॅसेटी गेल्या, मोबाइल आला. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन बाबासाहेबांची गाणी म्हणतात. त्यांचा आवाज मोबाइलवरून घरोघरी पोचला. त्यांना ऐकताना आम्हाला पहिल्यांदा वाटलं, ही तर आपल्यासारखीच बाई गातेय.

आणि मग आमच्या थोरल्या काकूंची आठवण येते. जात्यावर बसल्या की भाऊ, लेक, पंढरी, सासुरवास, सगळं ओवीत यायचं. एकदा म्हटलेली ओवी आठ दिवस परत यायची नाही. मागच्या थंडीत काकू गेल्या. मागं काय राहिलं? नातवानं मोबाइलवर धरलेली दोन मिनिटं. त्यातही मधेच कुकरची शिट्टी वाजते. गटाच्या बैठकीत आम्ही ती इतक्यांदा लावली आहे, की शिट्टी कधी येणार ते पाठ झालंय. आम्ही टेपाच्या फिती सोडवत बसलो, पण घरातला आवाज धरून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

हे काम काही लोकांनी फार आधी ओळखलं होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सोबत्यांना घेऊन गावोगावच्या बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 1996 साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्याही त्यांनी टेपवर घेतल्या. आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात.

पण तुमच्या गल्लीतल्या आजीकडे कोण येणार? आपणच जायला हवं. आमच्या गटानं ठरवलंय, दर महिन्याच्या बैठकीला एका म्हातारीला मानानं बोलवायचं, चहा द्यायचा, जातं नसलं तर नुसतं सूप हातात द्यायचं आणि मोबाइल चालू करायचा. तिचं नाव, गाव आणि ओवी कुणाकडून शिकली, हे आधी तिच्याच तोंडून घ्यायचं. आणि हो, कुकर बंद ठेवायचा!

तुम्हीही हे करा, आणि आमचे निकाल पटले नाहीत तर भांडायला जरूर या.