आरशाचे प्रकरण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी माझे नाव मला न विचारता यादीत घातले आणि वर सांगितले, "आवडत्या पुस्तकातले एकच प्रकरण घ्या, दहा मिनिटे बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंत. चारचौघींत बोलण्याचा सराव म्हणाल तर हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापलीकडे नाही. तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्या.

माझ्या आधीच्या दोघींनी 'श्यामची आई' आणि 'मृत्युंजय' घेतले. माझे पुस्तक त्यांच्या पंक्तीला बसणारे नाही. ते जादूचे आहे. 'हॅरी पॉटर आणि परीस' असे त्याचे नाव. जे. के. रोलिंग नावाच्या इंग्रज बाईंनी लिहिलेले हे पुस्तक १९९७ साली निघाले. मराठीत बाळ उर्ध्वरेषे यांनी आणले. आत्ता मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला, तो माझ्या ओळखीचा आहे. हसा. मीही आधी हसलेच होते.

झाले असे. माझी मुलगी नववीत आहे, इंग्रजी शाळेत जाते. तिने ही पुस्तके इंग्रजीतून वाचली आणि मग माझ्या मागे लागली, "आई, तू मराठीतून वाच ना." मी म्हटले, "अगं, केरसुणीवर बसून उडणाऱ्या पोरांच्या गोष्टी वाचायचे माझे वय राहिले का?" पण तिने पुस्तक आणून ओट्यावरच ठेवले. त्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. खाली बादल्या लावून जिन्यात बसायचे. धायरीतल्या बायकांना ते बसणे काय असते हे सांगायला नको. २०१७ साली आपले गाव पुणे महापालिकेत आले, पण त्या उन्हाळ्यात जिना काही सुटला नाही. तर त्या जिन्यात बसून मी हे पुस्तक वाचले. दुपारी तेच सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवायचे, कारण त्यांना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही आणि मी हातात पुस्तक घेऊन गप्प बसले की त्यांना वाटते, सून रुसली.

ज्यांनी वाचले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हॅरी हा पोरका मुलगा. तो वर्षाचा असताना एका दुष्ट जादूगाराने त्याच्या आईबापांना मारले. तो मावशीकडे वाढला. आपल्याकडे म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. ही मावशी जगली खरी, पण तिने पोराला जिन्याखालच्या कपाटात झोपवले. सासूबाई म्हणाल्या, "म्हण त्यांच्याकडे पोचली नसेल." त्या घरात त्याच्या आईबापांचा एक फोटोसुद्धा नव्हता. हे वाक्य पुस्तकात अगदी सुरुवातीला, जाता जाता येते. मी मात्र तिथे थांबले होते. का ते पुढे सांगते.

अकराव्या वर्षी त्याला जादूच्या शाळेत प्रवेश मिळतो. माझे प्रकरण बारावे. नाताळची सुट्टी लागली आहे, बहुतेक मुले घरी गेली आहेत आणि हॅरी शाळेतच राहिला आहे, कारण जायला घर नाही. सकाळी उठून पाहतो तो त्याच्या नावाने भेटी आलेल्या. त्यात एक हाताने विणलेला हिरवा स्वेटर. कुणी पाठवला, तर रॉन नावाच्या त्याच्या मित्राच्या आईने. त्या माउलीला सात मुले, घरची ओढगस्त, आणि तिने आगगाडीच्या फलाटावर उभ्या उभ्या पाहिलेल्या परक्या पोरासाठी लोकर आणून विणले. वाचणारी मुले हे पान भरकन उलटत असतील. मी दोनदा वाचले. स्वेटर विणायला किती संध्याकाळी लागतात हे विणणारीलाच ठाऊक.

भेटींत एक अंगरखाही असतो. तो पांघरला की माणूस कुणाला दिसत नाही. हॅरी तो घेऊन रात्री शाळेत फिरतो, कुणाची तरी चाहूल लागते म्हणून एका रिकाम्या वर्गात शिरतो, आणि तिथे छताला टेकेल एवढा आरसा उभा असतो. सोनेरी चौकट, खाली पंजासारखे पाय. वर काही उलटी अक्षरे कोरलेली. ती शेवटून वाचली की कळते, हा आरसा माणसाचे तोंड दाखवत नाही, मनाच्या तळाशी असलेली इच्छा दाखवतो. हॅरी पुढे उभा राहतो आणि त्याला आपल्या मागे माणसे दिसतात. वळून पाहतो तर खोली रिकामी. पुन्हा आरशात पाहतो तर एक बाई हसते आहे आणि रडतेही आहे, आणि तिचे डोळे अगदी याच्यासारखे आहेत. शेजारी चष्मा लावलेला माणूस, त्याचे केस याच्यासारखेच मागून उभे. त्यांच्या मागे सगळी भावकी. कुणाचे नाक याच्यासारखे, एका म्हाताऱ्याचे गुडघेसुद्धा.

इथे मी जिन्यात पुस्तक मिटले. टँकर आला तरी मला कळले नाही. शेजारच्या वहिनींनी माझ्या बादल्या भरल्या. त्या आज इथे बसल्या आहेत आणि त्यांना आजवर वाटते की मला त्या दिवशी चक्कर आली होती.

दुसऱ्या रात्री हॅरी रॉनला घेऊन जातो. रॉनला आरशात आईबाप दिसत नाहीत. त्याला दिसतो तो एकटाच, शाळेचा प्रमुख विद्यार्थी झालेला, हातात चषक. तो घरातला सहावा मुलगा. थोरल्यांचे कपडे, थोरल्यांच्या वस्तू वापरून वाढलेला. आपल्यात ज्या मधल्या जावा आहेत त्यांना हे लगेच कळेल.

तिसऱ्या रात्री हॅरी पुन्हा जातो, तर तिथे शाळेचे मुख्याध्यापक बसलेले असतात, डम्बलडोर. ते रागावत नाहीत. ते सांगतात की या आरशापुढे बसून कित्येक माणसे झुरली, काहींना वेड लागले, कारण जे दिसते ते खरे की खोटे, होणारे की न होणारे, हे आरसा सांगत नाही. उद्या तो दुसरीकडे हलवणार आहे, तू शोधू नकोस, असे ते म्हणतात.

मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला. पोराने अकरा वर्षांत पहिल्यांदा आईचे तोंड पाहिले, आणि तिसऱ्या रात्री तुम्ही म्हणता, पुरे झाले? मी सासूबाईंना म्हटले, "ह्याला स्वतःला आई होती म्हणून हा असे बोलतो." सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, ही तर महाभारतातली गोष्ट आहे." आणि त्यांनी मला आश्रमवासिक पर्वातली कथा सांगितली. युद्धाला कितीतरी वर्षे झाली आहेत. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात राहतात. तिथे व्यास येतात आणि गंगेच्या पाण्यातून युद्धात मेलेले सगळे वीर एका रात्रीपुरते वर आणतात. गांधारीला तिचे शंभर मुलगे भेटतात, कुंतीला कर्ण भेटतो. कुणाच्या मनात वैर उरलेले नसते. उजाडले की सगळे पुन्हा पाण्यात. ज्या विधवांना नवऱ्यामागे जायचे होते त्या त्याच पाण्यात उतरल्या आणि परत आल्या नाहीत. "व्यासांनी एकच रात्र दिली," सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या मास्तरने तीन दिल्या. जास्तच दिल्या. चौथ्या रात्री पोरगं तिथंच राहिलं असतं." यावर मला काही बोलता आले नाही. पण संताप सगळा गेला असे म्हणणार नाही.

निघताना हॅरी विचारतो, "तुम्हाला या आरशात काय दिसते?" म्हातारा म्हणतो, लोकरीचे पायमोजे. सगळे मला पुस्तकेच देतात, मोजे कुणी देत नाही. हॅरीला त्या वेळी खरे वाटते, मागून अंथरुणात पडल्यावर शंका येते. पुढे कितीतरी वर्षांनी, २००७ साली, लेखिकेने वाचकांना उत्तर देताना सांगितले की डम्बलडोरांना त्यांची स्वतःची माणसे दिसत होती, जिवंत, सगळी एकत्र. तेव्हा मी त्यांच्याबद्दल जे बोलले ते मागे घेते.

लेखिकेचीही एक हकिगत मुलीने मला काढून दिली, ती सांगण्यासारखी आहे. १९९० साली मँचेस्टरहून लंडनला जाताना रखडलेल्या आगगाडीत त्यांना ही गोष्ट सुचली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला त्यांची आई गेली. वय अवघे पंचेचाळीस, मज्जातंतूंचे दुखणे कितीतरी वर्षे चाललेले. आपण असे काही लिहितो आहोत हे मुलीने आईला सांगितलेच नव्हते. पुढच्या वर्षी त्या इंग्रजी शिकवायला पोर्तुगालला गेल्या आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्यांनी हे आरशाचे प्रकरण लिहिले. या पुस्तकातले आपले सर्वांत आवडते प्रकरण हेच, असे त्यांनीच म्हटले आहे.

आता माझे सांगते.

प्रकरण संपले त्या दिवशी मुलीने विचारले, "आई, तुला काय दिसेल गं आरशात?" मी भाकरी थापत होते. पटकन म्हटले, "मला चोवीस तास पाण्याचा नळ दिसेल." ती हसली, तिचे वडीलही हसले. रात्री अंथरुणावर ती हळूच म्हणाली, "आई, तो नळ म्हणजे पायमोजेच ना?" पोरी फार हुशार झाल्या आहेत.

मी भोर तालुक्यातली. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल दोन कोस लांब. १९९२ साली माझी सातवीची परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापाने आई गेली. ती जेमतेम बत्तीस वर्षांची असेल. पाठचे दोन भाऊ, धाकटा चार वर्षांचा. चूल माझ्याकडे आली. आरशात मला आधी शाळाच दिसेल असे वाटले होते, रॉनसारखे. आठवीचे दप्तर, निळा फ्रॉक. पण बसून विचार केला तेव्हा तसे नाही असे कळले.

माझ्या आईचा फोटो नाही. एकही नाही. वडिलांचा आहे, कारण १९९३ पासून मतदारांची फोटोची ओळखपत्रे निघू लागली आणि गावात फोटो काढणारा आला तेव्हा ते रांगेत उभे राहिले. आई त्याआधी गेली. धाकटा भाऊ मोठा झाल्यावर विचारायचा, "ताई, आई दिसायला कशी होती?" मी सांगायची, गोरी होती, कपाळ मोठे होते. पण मैत्रिणींनो, मी ते बनवून सांगत होते. मला आठवते ती चुलीपुढची पाठ. पीठ लागलेले हात आठवतात, एका बांगडीचा टवका उडालेला आठवतो. तोंड आठवायला जावे तर धूर येतो. हॅरीला आरशात आई दिसली. मला दिसली तरी ती तीच आहे हे मी कशावरून ओळखणार? माहेरची माणसे म्हणतात, "तू थेट आईवर गेलीस." पण मी आता शेहेचाळिशीची. कपाटाच्या आरशात पाहते तर मला माझ्या आईपेक्षा चौदा वर्षांनी थोरली बाई दिसते.

पुस्तकाच्या शेवटी हॅग्रिड नावाचा एक दांडगा, भोळा माणूस आहे. तो हॅरीच्या आईबापांच्या जुन्या मित्रांना पत्रे लिहितो, फोटो मागवतो आणि त्यांचे पुस्तक करून पोराला देतो. माझ्या मुलीने तेच केले. मला न सांगता माझ्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या घोळक्यावर लिहिले, "आजीचा फोटो कुणाकडे आहे का?" दोन महिने कुणी काही बोलले नाही. मग मावशीच्या ट्रंकेत मामाच्या लग्नातला एक फोटो निघाला, १९८८ चा. हळदीचे जाते मध्ये, भोवती बायका. कडेला एक बाई वाकलेली, पदर पुढे ओढलेला, अर्धा गाल आणि जात्याच्या खुंट्यावरचा हात तेवढा दिसतो.

मावशी म्हणते, हीच माझी बहीण. आत्याला दाखवला तर ती म्हणाली, "छे गं, ही तुझी मोठी चुलती. तुझी आई त्या दिवशी स्वयंपाकाकडे होती." मी भिंग लावून त्या हातातल्या बांगड्या पाहिल्या. टवका दिसत नाही, पण फोटोच एवढा पिवळा पडला आहे की तो असला तरी दिसायचा नाही.

दिवाळीत दोघींनाही घरी बोलावले आणि फोटो समोर ठेवला. तासभर वाद झाला, चहा दोनदा झाला, एकमत झाले नाही. धाकटा भाऊ तेवढा फोटो हातात घेऊन बराच वेळ बसला होता. जाताना त्याने त्याची प्रत मागितली.