उसनी भाषा



विज्ञानकथा लिहिणाऱ्या एका समलिंगी लेखकाच्या खासगी आयुष्यावर युनियनच्या माणसाने का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. कुणाच्या घरात डोकावून चहाड्या सांगायला मी उभा नाही. पण ज्या घरात सरकार आणि डॉक्टर आधीच शिरून बसले आहेत, त्याला खासगी म्हणायचे कसे? आजचा विषय तेवढाच आहे.

सॅम्युएल डिलेनी यांचा जन्म १९४२ सालचा, न्यूयॉर्कमधील हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीतला. आजोबा गुलामगिरीत जन्मले आणि पुढे बिशप झाले. नातवाने कॉलेज अर्धवट सोडले. विसाव्या वर्षी, १९६२ मध्ये, त्याची पहिली कादंबरी निघाली. पुढे 'बॅबेल-१७' या कादंबरीला नेब्युला पारितोषिक मिळाले आणि १९८८ मध्ये हा बिनपदवीचा माणूस मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात प्राध्यापक झाला. युनियनच्या कचेरीत वर्तमानपत्रे वाचून शिकलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार गोड लागते.

१९६१ मध्ये त्यांनी कवयित्री मॅरिलिन हॅकर यांच्याशी लग्न केले. तो एकोणीस वर्षांचा, ती अठरा. तो काळा, ती गोरी. काही राज्यांत वयाचा कायदा आड येई, काही राज्यांत वर्णाचा. शेवटी दोघांना मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटला जाऊन लग्न लावावे लागले. तो समलिंगी आहे हे तिला आधीपासून ठाऊक होते. त्यांना १९७४ मध्ये मुलगी झाली आणि १९८० मध्ये घटस्फोट झाला.

आता मुख्य गोष्ट. १९६४ मध्ये डिलेनी मनाने खचले आणि इस्पितळात दाखल झाले. तेथे रुग्णांनी एकत्र बसून मन मोकळे करायचे अशी पद्धत होती. डिलेनींनी धीर करून आपण समलिंगी असल्याचे सांगितले. पण सांगितले कसे? हा आपला आजार आहे आणि आपण त्यातून बरे होण्याची खटपट करीत आहोत, अशा थाटात! नंतर विचार करताना त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला स्वतःला तर असे मुळीच वाटत नाही. मग हे शब्द आले कोठून? ते पुस्तकांतून आले होते. त्या काळच्या पुस्तकांत असा माणूस एक तर रोगी असे, नाही तर गुन्हेगार. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगांच्या यादीतून समलिंगी वृत्ती काढली, ती १९७३ मध्ये.

मित्रहो, हा प्रकार मी कारखान्यांत पुष्कळ पाहिला आहे. कामगाराला चार्जशीट मिळते. मॅनेजर म्हणतो, लिहून दे. तो लिहितो, 'माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही.' बिघाड मशीनचा असतो, पण त्याच्यापाशी शब्द असतात ते मॅनेजरचेच. ज्याला स्वतःची भाषा नाही, तो आपल्यावरचा आरोप आपल्याच तोंडाने वाचतो.

डिलेनींनी आपली भाषा कमावली. १९८८ मध्ये 'द मोशन ऑफ लाइट इन वॉटर' हे आत्मचरित्र लिहून त्यांनी इस्पितळातला तो प्रसंगही उघडपणे मांडला. त्यानंतर थोड्याच वर्षांत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर जुनी पुस्तके विकणाऱ्या एका बेघर माणसाशी त्यांची ओळख झाली. प्राध्यापकाने आणि फुटपाथवरच्या विक्रेत्याने एकत्र संसार थाटला! त्याची हकीकत १९९९ मध्ये चित्रकथेच्या रूपाने छापली गेली. त्याच वर्षी टाइम्स स्क्वेअर या भागावर त्यांचे पुस्तक निघाले. तेथली जुनी, बदनाम सिनेमागृहे पाडून चकचकीत इमारती उठत होत्या. डिलेनींचे म्हणणे असे की, निरनिराळ्या वर्गांतली माणसे सद्भावाने एकमेकांना भेटतील अशा जागा शहरात उरल्या, तरच शहरातले जगणे सुखाचे. हे त्यांनी नुसते लिहिले नाही, तसा संसारही केला.

उद्या आपल्याच घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी असे काही सांगायला बसली, तर मध्येच आपले शब्द तिच्या तोंडी कोंबू नका. माफीपत्र लिहून घेऊ नका. आधी तिचे म्हणणे तिच्याच भाषेत पुरते ऐकून घ्या.