एक गाडी, एकाचाच माल

मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवरच्या अरुंद गल्ल्यांतून मोठा ट्रक वळत नाही. तिथल्या गाळ्यांतला माल आधी टेम्पोत चढतो आणि भिवंडी किंवा कळंबोलीला पोहोचतो. पूर्ण गाडी भरते ती तिथे.

पूर्ण गाडी म्हणजे फुल लोड. भाडं ठरतं अख्ख्या गाडीचं. थोडी जागा रिकामी राहिली तरी पैसे पूर्ण गाडीचेच. मात्र माल वाटेत उतरवला जात नाही. दाराला सील लागतं, ते घेणाऱ्याच्या दारातच तुटतं. काचेसारख्या नाजूक मालाला हे फार मोलाचं. अनेकांचा माल एकत्र नेणाऱ्या पार्ट लोडमध्ये तोच माल गोदामागणिक चढतो-उतरतो.

वजन काट्यावर नीट तपासून घ्या. दोन आसांच्या ट्रकची मालासकट मर्यादा 2018 मध्ये 16.2 टनांवरून 18.5 टन झाली, पण त्यात गाडीचं स्वतःचं वजनही आलं.

मग बिल्टी, म्हणजे माल वाहून नेण्याची पावती, आणि ई-वे बिल. परराज्यात 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतंच. साधारण 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत, म्हणजे मुंबईहून बंगळुरूला पाच दिवस. वाटेत गाडी बिघडून माल दुसरीत भरला, तर नवा गाडी नंबर बिलात चढवायलाच हवा.

भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो, उरलेला सही-शिक्क्याची पोच आल्यावर. माल उतरवायला उशीर झाला तर हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे जादा पैसे, लागतं. ते चालकाला वेळेवर मिळावं, कारण त्या दिवसांचा जेवणखर्च त्याच्याच खिशातून जातो.