दाराआडचे दुःख



घरातील दारूचे दुःख आपण दाराआड ठेवतो. लोक काय म्हणतील, ही धास्ती. पण व्यसन हा आजार आहे, आणि आजार झाकून बरा होत नाही.

१९३५ साली अमेरिकेत एक शेअरदलाल व एक डॉक्टर, दोघेही मद्यपी, एकमेकांच्या आधाराने सावरले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ उभे राहिले. तेथे वर्गणी नाही, आडनाव विचारीत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-अनॉन’ आहे. यजमान सभेस जात नसले, तरी आपण जावे. तेथे त्यांना सुधारण्याचे नव्हे, स्वतः सावरण्याचे बळ मिळते.

सभा कोठे भरते, हे सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात वा व्यसनमुक्ती केंद्रात विचारावे. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ आहे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे.

शेजारणीच्या घरी हे दुःख असेल, तर तिला नुसता पत्ता सांगू नये. पहिल्या दिवशी सभेच्या दारापर्यंत सोबत जावे. आपले मंडळ त्यासाठीच तर आहे!