पोरगी पत्रकारितेला जाते म्हणाली तर…



बारावीचा निकाल लागला की आमच्या बचत गटांच्या बैठकीत पोरींच्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघतोच. नर्सिंग, डी.एड. म्हटलं की सगळ्या माना डोलावतात. एखादी पत्रकारिता म्हणाली, की प्रश्न सुरू होतात. त्यात शिकायचं काय? रात्री-अपरात्री फिरावं लागेल, मग लोक काय म्हणतील?

आधी शिकायचं काय ते सांगतो. बातमी लिहिताना कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं हे विचारायचं. ऐकलेली गोष्ट पडताळून मगच छापायची. कॅमेरा, आवाज, संपादन, कायदा हेही असतं. शिवाय माध्यमं आणि संस्कृती असा विषय असतो. पाणीटंचाईच्या बातमीत फोटो हंडा वाहणाऱ्या बाईचा असतो, बोलतो मात्र पुढारी किंवा अधिकारी. निंदणी-खुरपणी आपण करतो, पण शेतकरी म्हटलं की चित्रात पुरुषच. असं का होतं, याचा अभ्यास विद्यापीठात करतात. म्हणजे हा विषय आपल्याच घरचा आहे.

हे बायकांचं काम नव्हे म्हणणाऱ्यांना आपण नावं सांगू. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तानुबाई बिर्जे यांनी नवऱ्यामागे ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवलं. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली गावातल्या बायकांनी ‘खबर लहरिया’ सुरू केलं, ते आजही चालू आहे.

आता वाट कशी? बारावीनंतर या विषयाची पदवी करता येते. किंवा कुठलीही पदवी घेऊन पुढे दोन वर्षांचं एम.ए. करता येतं. पुणे विद्यापीठाचा हा विभाग रानडे इन्स्टिट्यूट म्हणून ओळखला जातो. घर सोडणं जमत नसेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात चौकशी करा.

खरं तेही सांगतो. सुरुवातीला पगार थोडा असतो, कामाची वेळ ठरलेली नसते. म्हणून फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा. कोर्सला विद्यापीठाची मान्यता आहे का? पूर्ण फी किती, लेखी द्याल का? वसतिगृह आहे का? प्रत्यक्ष काम कुठे करायला मिळेल? शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज भरायला पोरीला आठवण करा.

शेवटचं आपल्या गटाचं. पोरीच्या लग्नासाठी कर्ज मागितलं की आपण लगेच सह्या करतो. तिच्या शिक्षणासाठी मागितलं की दहा शंका काढतो. येत्या बैठकीत मुलींच्या शिक्षणाच्या कर्जाचा विषय घ्या, ठराव करा आणि तो इतिवृत्तात लिहा. गावची बातमी लिहिणारी गावचीच लेक असली, तर आपलं म्हणणं तिला समजावून सांगावं लागणार नाही.